बारा महिने फुलांची झारी

मी एक जुनी झारी आहे, बुडाला गंजलेली आणि कडी निखळलेली. कडेगावच्या एका परसात भिंतीशी पडून असते. मित्रांनो, मला पाहून नाक मुरडू नका. एके काळी माझ्यावाचून या घराचं पान हलत नव्हतं.

माझा जन्म सांगलीचा. हळदीच्या पेठेमागे एका कारागिराने पत्रा कापून, ठोकून मला आकार दिला. रजेवर गावी निघालेल्या आकाराम नावाच्या शिपायाने मला उचललं, उन्हात धरून कुठे भोक नाही ना ते पाहिलं आणि एस.टी.त मांडीवर घेऊन घरी आणलं. बायकोला साडी आणायची सोडून याने पत्रा आणला, म्हणून त्याची आई सुलाबाई दोन दिवस कुरकुरत होती. बायको रंगूबाई मात्र मनातून हरखली होती.

परत जाताना तो तिला म्हणाला, “रजा कवा मिळंल त्येचा नेम न्हाई. पर कुठल्याबी म्हैन्यात आलो, तरी तुज्या केसात फूल दिसलं पायजे.”

रंगूबाईने ते मनावर घेतलं. चार घरं फिरून बी आणि फांद्या मागून आणल्या. पावसाळ्याला गुलबाक्षी, दसऱ्याला झेंडू, थंडीला पिवळी शेवंती, उन्हाळ्याला मोगरा. शेवंती सरते आणि मोगऱ्याला अजून कळी नसते, ते दिवस मोकळे जात. तिथे तिने अबोली बसवली, कारण ती जवळजवळ वर्षभर फुलते. येणारी-जाणारी बायामाणसं थांबून बघत. त्या दिवसांत माझा तोरा काय विचारता!

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई झाली आणि आकाराम बेपत्ता असल्याचं कळलं. तो आहे की नाही, कोणी नक्की सांगेना. भावकीतल्या बायका रंगूबाईच्या केसांकडे चोरून बघू लागल्या. ती कोणाशी वाद घालायला गेली नाही. रोज सकाळी फूल मात्र माळत राहिली. माझा नवरा आहे, हे ती त्या फुलानेच सांगत होती.

पुढच्या साली पावसाने दडी मारली. विहिरीच्या तळाशी गढूळ पाणी उरलं. सासू-सुना रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात आणि येताना रांगेत उभ्या राहून घागर आणत. माणसांना प्यायला पुरेना, तिथे फुलांचे लाड कसले, असं सुलाबाई म्हणे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. रंगूबाई भांडी विसळलेलं पाणी माझ्यात साठवी. तेवढ्या पाण्यावर एकच झाड जगणार होतं. तिने झेंडू सोडला, गुलबाक्षी सोडली, शेवंती सोडली, शेवटी मोगराही सोडला. सोडलेल्या प्रत्येक झाडापाशी ती थोडा वेळ बसून राही.

चैत्रात भांडी राखेने पुसायची वेळ आली. मी कोरडी ठणठणीत झाले आणि अबोलीने मान टाकली. एका सकाळी सुलाबाई आपल्या वाट्याचा तांब्या घेऊन परसात आली आणि तो माझ्यात ओतू लागली. रंगूबाईने तिचा हात धरला.

“आवं आत्ती, मग तुमी काय पिणार?”

“तुज्या केसातलं फूल गेलं, तर लोकं माज्या लेकाला गेला म्हनत्याल. सोड हात.”

त्या उन्हाळ्यात दोघींनी तहान वाटून घेतली. अबोली जगली.

मग पाऊस आला. मेली म्हणून सोडलेल्या गुलबाक्षीने जमिनीतून पुन्हा डोकं वर काढलं, परस रंगांनी भरलं, आणि त्याच महिन्यात वर्दीतला एक माणूस दारात आला. आकाराम लढाईतच पडला होता, आता पक्कं झालं होतं. बायकांनी रंगूबाईचं कुंकू पुसलं. ती झाडांना पाणी घाली, पण फूल तोडत नसे.

महिन्या-दोन महिन्यांनी सुलाबाईने अबोलीचा गजरा ओवला आणि ओसरीवर बसलेल्या सुनेच्या केसांपाशी नेला. भावकीतल्या पाच-सहा जणी तिथेच होत्या.

“सुलाबाई, ध्यान हाय का? काय करतीस?” एक जण म्हणाली.

सुलाबाईचा हात थांबला. गजरा देवापुढे गेला. रंगूबाई उठली आणि मला घेऊन विहिरीकडे निघाली. मला काठोकाठ भरून तिने सगळं पाणी अबोलीच्या बुडाशी ओतलं.

मित्रांनो, मला जपा असं मी सांगणार नाही. पत्रा आहे, गंजणारच. पण त्या ओसरीवरच्या एकीनेही “घाल की केसात” असं म्हटलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. अशी वेळ तुमच्यासमोर आली, तर गप्प बसू नका. मला नुसतं पाणी ओतता येतं. तुम्हाला बोलता येतं.