दारापासून चारशे फरश्या

टेलरमास्तरने घर घेतलं त्या दिवशी बँकेचे साहेब त्याचा हात दाबत गमतीने म्हणाले, "कर्ज फिटेपर्यंत घर आमचं बरं का, मास्तर!" साहेब हसले, मास्तरची बायको हसली. मास्तर मात्र हसला नाही. दुसऱ्याची वस्तू ती दुसऱ्याची, हे त्याच्या हाडीमांसी खिळलेलं. गिऱ्हाइकाच्या कापडातल्या उरल्यासुरल्या चिंध्यासुद्धा तो पुडीत बांधून परत द्यायचा आणि वर सही घ्यायचा.

घरी येऊन त्याने फरश्या मोजल्या. बरोब्बर चारशे भरल्या. कर्जाला चारशेने भागून एका फरशीचा भाव काढला आणि बायकोला म्हणाला, "पंधरा वर्षांचा हप्ता तर भरूच. शिवाय दर शर्टामागे एक नाणं डब्यात टाकायचं आणि महिन्याकाठी डबा बँकेत रिकामा करायचा. जेवढ्या फरश्या सुटतील, तेवढंच घर आपलं."

"आणि बाकीचं?"

"बँकेचं. तिथे आपण पाहुणे."

"अहो, मग आधी झोपायची खोली सोडवा की!"

"कापड कडेने बेततात. मधूनच कात्री घालत नाहीत," मास्तर म्हणाला आणि दारापासून खडूची रेघ मारून मोकळा झाला.

झोपायची खोली घराच्या पार मागे. पलंग तर अगदी शेवटच्या कोपऱ्यात. परक्याच्या जागेत बायकोशेजारी झोपणं मास्तरला प्रशस्त वाटेना. त्याने आपली गादी दाराशी, सुटलेल्या सहा फरश्यांवर घातली. पाय पोटाशी घेऊन झोपावं लागे. स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात तो नाइलाजाने जायचा, तेही दर वेळी खाकरून. झोपायच्या खोलीत मात्र त्याने पाऊल टाकलं नाही. त्याचे कपडे बायको दारातून हातात द्यायची.

बायको आधी हसली, मग चिडली, मग तिने बोलणंच कमी केलं. ती लॉन्ड्रीत इस्त्री करायला जायची, संध्याकाळी यायची आणि रेघ ओलांडून आपल्या खोलीत जायची. तिचा भाऊ एकदा समजूत घालायला आला, तर मास्तरने त्याची खुर्ची उचलून रेघेच्या अलीकडे आणली. साहेब पाहणीला आले, तेव्हा त्यांना रेघेपलीकडे बसवून तो म्हणाला, "बसा ना, तुमचीच जागा." पलीकडच्या भिंतीचा गिलावा पडला. मास्तरने बँकेला तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही, म्हणून गिलावाही झाला नाही.

लोक त्याला चक्रम म्हणत, आणि होताच तो. पण त्याला हवं होतं ते एवढंच, की त्या पलंगावर, बायकोच्या डाव्या हाताला, कुणाची परवानगी न काढता आडवं व्हावं. त्यासाठी तो दिवसाला दोन शर्ट जास्त शिवायचा. डोळ्यांचा नंबर वाढला, पाठ धरली, पण रेघ सरकत होती. सातव्या वर्षी ती झोपायच्या खोलीच्या दाराला टेकली. उरल्या फक्त शहाण्णव फरश्या.

त्या महिन्यात तो डबा घेऊन बँकेत गेला, तर कॅशियरबाई म्हणाली, "मास्तर, पैसे कसले भरताय? तुमचं कर्ज शनिवारीच संपलं."

"शक्य नाही. शहाण्णव राहिल्यात."

"तुमची बायको दर शनिवारी येते की! इस्त्रीच्या पैशातून थोडं थोडं भरते. पहिल्या वर्षापासून."

मास्तर डबा तसाच काखेत मारून भर दुपारी घरी आला. बायको पलंगावर बसून चादरीची घडी करत होती. तो दारातच थांबला. खोलीतल्या सगळ्या फरश्यांवर इस्त्रीवाले कपड्यांवर लावतात तशा निळ्या खुणा होत्या आणि प्रत्येक खुणेशेजारी तारीख होती.

"ही खोली तू सोडवलीस?"

"तुम्ही त्या टोकाने येत होतात, मी या टोकाने निघाले."

"मग आता ही तुझी जागा झाली." तो सवयीने खाकरला. "येऊ का आत?"

"या."

तो हळूहळू तारखा वाचत आत आला. दाराजवळच्या तारखा या वर्षीच्या होत्या. पुढे गेल्या वर्षीच्या, त्याच्या आधीच्या. पलंगाच्या डाव्या बाजूला येऊन तो खाली वाकला. तिथल्या फरश्या सहा वर्षांपूर्वी सुटल्या होत्या.

"ही बाजू आधी?"

"तुमचीच होती ना. सगळ्यात आधी तीच सोडवली."

"अगं, मग सांगायचं नाहीस?"

"रोज वाटायचं, आज तरी दारातून डोकावून विचाराल, की तू आत एकटी कशी झोपतेस." तिने चादर बाजूला ठेवली. "तुम्ही फरश्याच मोजत बसलात."

मास्तरने काखेतला डबा खाली ठेवला. तो पलंगाच्या डाव्या बाजूला आडवा झाला आणि तोंड भिंतीकडे करून हुंदके देऊ लागला. बायको थोडा वेळ बसून राहिली, मग तीही त्याच्या शेजारी आडवी झाली. बाहेर कुणी गिऱ्हाईक विजार न्यायला आलं होतं. ते बराच वेळ दार वाजवत राहिलं आणि शेवटी निघून गेलं.