पाइपाची क्लिप

“कुठं बसवू? डोळ्यापुढं का बाजूला?” राधाकिशन मिस्तरीने दोन गोल मीटर दोन हातांत धरून विचारले. एक इंजिनाच्या गरमीचे, एक ऑइल प्रेशरचे.

“तुमी म्हणाल तिथं,” धुळाजी म्हणाला.

“गाडी तू चालवणार का मी, बे?”

मांजरसुंब्याच्या चौकात ढाब्यांच्या ओळीत अगदी शेवटी मिस्तरीचे पत्र्याचे शेड होते. धुळाजीने महिन्यापूर्वी जुनी डिझेल पिकअप घेतली होती, गुरांच्या छावण्यांवर चारा वाहायला. तिच्या मूळ मीटरातला एकही काटा जागचा हलत नव्हता. दिंद्रुडहून येताना मीटर बसवणारी तीन दुकाने लागली. तिन्ही ठिकाणी त्याने गाडी हळू केली आणि तशीच पुढे काढली.

मिस्तरी बॉनेटखाली वाकला. रेडिएटरचे पाणी त्याने बादलीत उतरवून घेतले, थेंब सांडू दिला नाही. मग वरचा रबरी पाइप मधोमध कापला, त्यात पितळी नळीचा तुकडा बसवला, तुकड्याला गरमी मोजणारा सेन्सर लावला आणि दोन्ही बाजूंनी क्लिपा आवळल्या.

आवळून झाल्यावर पाइप ओढून पाहिला. पुन्हा स्क्रू ड्रायव्हर लावला. पुन्हा ओढला. दोन पावले मागे गेला, हात पुसले, आणि परत येऊन तिसऱ्यांदा तीच क्लिप चाचपली.

“बसली की, मिस्तरी,” धुळाजीला राहवले नाही.

“बसली वाटती. पर आपला भरवसा न्हाई आपल्याला.” मिस्तरी हसला. “तुला तर ठावंच हाय. तू आला तवाच वळखलं मी. सोसायटीच्या गाडीवरचा धुळाजी. माझ्यामुळं घाटात अडकलाता तू.”

धुळाजीने बॉनेटवरचा हात काढून घेतला.

दहा वर्षांपूर्वी, तेव्हाच्या दुष्काळात, धुळाजी दूध सोसायटीच्या पिकअपवर ड्रायव्हर होता आणि राधाकिशन तिथला मिस्तरी. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून आतले दुखणे सांगणारा माणूस. लांबलांबचे ट्रॅक्टरवाले त्याच्याकडे यायचे. सोसायटीच्या गाडीचा रेडिएटर झिरपत होता. वाटेत कुठे पाणी मिळत नसे, म्हणून दर फेरीला सोसायटीच्या बोअरवरून दोन कॅन पाणी मिळे. त्या दिवशी घाटात इंजिन जाम झाले. चेअरमन सुंदरराव स्वतः पाहायला आले, त्यांनी पाइपाला बोट लावले आणि पाइप निसटून हातात आला. आदल्याच दिवशी राधाकिशनने तो बदलला होता. पाइप बदलण्याच्या आदल्या रात्री राधाकिशन एका लग्नात प्यायलाही होता, हे गावाला माहीत होते. नशेत क्लिप आवळायची राहिली, हे ठरवायला फार लोक लागले नाहीत.

“बारा वर्सं इंजिनं खोलली,” मिस्तरी म्हणाला, “आन् एक क्लिप आवळायची इसरलो. तवापासनं इंजिनाला हात न्हाई लावला. लोकबी लावू देत न्हाईत. वायरी, दिवे, मीटर, असलंच. तुझी माफी मागायची ऱ्हायली होती, धुळाजी. घाटात काय झालं असतं तर लेकरंबाळं उघडी पडली असती तुझी.”

त्याने खरोखर हात जोडले. काळ्या तेलाचे, बोटांना जुने वण असलेले हात.

धुळाजी वाटभर शब्द जुळवत आला होता. आधी हालहवाल विचारू, मग सोसायटीचा विषय काढू, मग सांगू. पण समोरचे हात जोडलेले पाहिल्यावर त्यातला एकही शब्द जागेवर राहिला नाही.

“हात खाली करा, मिस्तरी. क्लिप आवळलेली होती.”

“आँ?”

“तुमी आवळलेलीच होती. इंजिन जाम झाल्यावर मी सैल केली. पाण्याचे दोनी कॅन मी घरी दिलते, म्हशीला. गाडीत पाणीच न्हवतं. नोकरी जाईल म्हणून घाटातच पाना घिऊन...”

रस्त्यावरून ऊसतोडीच्या माणसांनी भरलेला ट्रक गेला. त्याची धूळ पाण्यात पडू नये म्हणून मिस्तरीने बादलीवर हात आडवा धरला.

“नक्की?” त्याने विचारले. “नीट आठव. आवळलेली होती?”

“लई घट्ट होती. सोडवायला जोर लागला.”

“दोनी बाजूंनी?”

“दोनी.”

मिस्तरी खाली उकिडवा बसला. मग शेडकडे तोंड करून त्याने हाक मारली, “वच्छला! बाहीर ये. ह्यो काय म्हणतो ते ऐक.”

मिस्तरीची बायको वच्छलाबाई पिठाचे हात घेऊन आली. धुळाजीला सगळे पुन्हा सांगावे लागले. मघाशी तोंडून निसटले होते ते आता एकेक करून काढावे लागले. कॅन. म्हैस. घाट. पाना. सांगून झाल्यावर ती म्हणाली,

“रोज सांजच्याला मी ह्यांचं तोंड हुंगलं, भाऊ. दहा वर्सं. ह्यांनी त्या दिवसापासनं थेंब घेतला न्हाई, तरी हुंगलं.”

तिने हातावरचे पीठ झटकले.

“म्हस जगली का?” तिने विचारले.

“न्हाई, वैनी.”

तिने मान हलवली, राग नाही की समाधान नाही, आणि आत गेली.

मिस्तरी उठला. बादलीतले पाणी त्याने रेडिएटरमध्ये ओतले, दोन्ही मीटर स्टिअरिंगसमोर बसवले, वायरी जोडल्या आणि चावी फिरवली. गरमीचा काटा हळूहळू वर चढू लागला. “ह्ये ध्यानात ठिव,” तो नेहमीच्या आवाजात म्हणाला, जणू मध्ये काही झालेच नव्हते. “पाणी हाय तवर ह्यो काटा खरं बोलतो. पाणी संपलं की सेन्सरला काय लागत न्हाई, मंग गार दाखवतो. तवा फसू नको.”

“बरं.”

मिस्तरीने गाडी बंद केली नाही. बॉनेटवर तळहात ठेवून, मान तिरकी करून तो ऐकत राहिला.

“वॉल्व वाजतेत तुझे. तू चौकात वळला तवाच ऐकू आलं. म्हणलं, आपण कावून बोलावं.” तो थांबला. मग ज्याने त्याचे इंजिन हिरावले त्यालाच, दारात काम मागायला आलेल्या माणसासारखे, त्याने विचारले, “उघडू का?”

धुळाजीने होकाराची मान डोलावली.

वच्छलाबाईने ते आतून ऐकले असावे. ती एक लोखंडी पेटी ओढत बाहेर आली. झाकण गंजून बसले होते, ते तिने दगडाने ठोकून उघडले. आत मिस्तरीचे जुने पाने होते, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेले, तरी तांबूस पडलेले.

“इंजिन गार व्हावं लागंल आधी,” मिस्तरीने गाडी बंद केली आणि पेटीपाशी बसला. डोळे रस्त्याकडे ठेवूनच त्याने हात आत घातला आणि हवा तोच पाना बाहेर काढला.

धुळाजीही खाली बसला. काहीतरी करावे म्हणून त्याने एक पाना उचलला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसू लागला. वच्छलाबाईने तो त्याच्या हातातून अलगद काढून घेतला, आपल्या पदराने पुसला आणि नवऱ्यापुढे, बाकीच्यांच्या ओळीत, ठेवला.