दर अकरा मिनिटांनी येणारी मांजर

मोठ्या बाई भावाच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या पर्समध्ये दोन प्रश्नपत्रिका, एक लाल पेन आणि शाळेच्या प्रवेशाचे दोन अर्ज होते. अर्ज त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात भरून आणले होते. फक्त वडिलांच्या सहीची जागा रिकामी होती, आणि ती आज भरायचीच असा त्यांचा बेत होता.

बाई गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापिका. सव्वीस वर्षांत त्यांच्या हाताखालून अर्धं गाव शिकून गेलं, आणि सख्खी भाचरं मात्र स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून शिकत होती. शिकवत होती त्यांची आई, म्हणजे बाईंची भावजय. पालकसभेत कुणी ना कुणी हमखास विचारायचं, "बाई, तुमची भाचरं कितवीत आहेत हो?" आणि बाईंना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेवटी त्यांनी भावाला गाठलं. "नाताळच्या सुट्टीत मी त्यांची परीक्षा घेते. पास झाली तर पुन्हा हा विषय काढणार नाही. नापास झाली तर जानेवारीपासून माझ्या शाळेत." भाऊ बेकरीवाला. नाताळच्या आठवड्यात त्याला केकपुढे बायकोसुद्धा दिसत नाही. "बरं बरं," म्हणून तो भट्टीकडे पळाला. भावजयीला ते 'बरं बरं' चांगलंच झोंबलं होतं, पण तिचे दिवस भरत आलेले, भांडायला दम कुठून आणणार?

दार भाचीनं उघडलं. वय नऊ. गालात सदानकदा काहीतरी कोंबलेलं असायचं म्हणून घरात तिला खार म्हणत. तिच्यामागे सहा वर्षांचा भाऊ, भोपळा. हे नाव बाईंना बिलकूल पसंत नव्हतं. भोपळा पेपरात मिळतो, पोराला ठेवत नाहीत, असं त्या म्हणायच्या.

"आई कुठाय गं?"

"पडलीय जरा. पाठ दुखतेय."

"पण फार नाही हं," भोपळा घाईघाईनं म्हणाला. "तू काळजी करू नकोस."

सहा वर्षांचं पोर न विचारता काळजी करू नकोस म्हणतंय, तेव्हा काळजी करावी, हे सव्वीस वर्षं मास्तरकी केलेल्या बाईला कळायला हवं होतं. पण बाईंची नजर तोवर स्वयंपाकघरात पोचली होती.

भांड्यांच्या फळीशेजारी खडूचा फळा. कोपऱ्यात नाताळचं झाड, आणि त्यावर कागदाच्या चांदण्या. प्रत्येक चांदणीवर पाढ्यातलं एक गणित. उत्तर बरोबर आलं की चांदणी एक फांदी वर चढायची. साताच्या पाढ्याच्या चांदण्या बहुतेक जमिनीवरच होत्या. फ्रीजवर हजेरीपट चिकटवलेला, त्यात तीन नावं: खार, भोपळा, नवीन. नवीनच्या पुढे एक तारखेपासून ओळीनं 'गैरहजर'.

"हे नवीन कोण?"

"बाळ," खार म्हणाली.

"जन्माला न आलेल्या मुलाची गैरहजेरी लावता?"

"मग काय हजेरी लावायची? खोटं लिहायचं?" भोपळ्यानं विचारलं.

बाईंनी चष्मा काढून पुसला.

एवढ्यात आतल्या खोलीतून भिंतीवर चमचा आपटल्याचा आवाज आला. टक टक. खारीनं घड्याळाकडे पाहिलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि फळ्यावर वीस, सतरा, पंधरा असे आकडे होते त्याखाली अकरा लिहिले. मग तोच आकडा वहीत उतरवला.

"मांजर आली," ती भोपळ्याला म्हणाली.

"अकरा मिनिटांनी आली," भोपळा म्हणाला.

"मांजर पाळलीय? घरात लहान बाळ यायचंय आणि मांजर?" बाई लगेच वाकल्या. टेबलाखाली पाहिलं, ओट्याखाली पाहिलं, झाडामागे पाहिलं. साताच्या पाढ्यातल्या दोन चांदण्या त्यांच्या पदराला चिकटून आल्या. मुलं गंभीर चेहऱ्यानं त्यांच्यामागून फिरत होती. "कुठली मांजर? कुठंय?"

"गेली," खार म्हणाली. "परत येईल."

मांजर-बिंजर काही नव्हतं. कळा येत होत्या. पहाटेपासून येत होत्या, आणि नर्सबाईंनी फोनवर बजावलं होतं, "दोन कळांमधलं अंतर मोजत राहा. सातच्या खाली गेलं की निघायचं. तिसरं आहे, घाईनं येईल." दवाखाना नदीपलीकडे, गाडीनं वीस मिनिटं. आईनं मोजायचं काम मुलांवर सोपवलं. वेळेची वजाबाकी शिकवायचीच होती, आयतीच संधी आली. आणि एक अट घातली: आत्याला सांगायचं नाही. भोपळ्याच्या वेळी हीच आत्या तिला दोनदा उगाचच दवाखान्यात नेऊन बसवून आली होती. शिवाय परीक्षा आजच उरकून टाकायची तिची जिद्द होती. पोरं पास होतात हे तिला नणंदेच्या डोळ्यांसमोर बघायचं होतं, मग कळा आल्या तरी बेहत्तर. मांजर ही कल्पना भोपळ्याची.

मांजर पुढे आठ मिनिटांनी आली. मग सहा मिनिटांनी. सहाचा आकडा खारीनं लिहिला तेव्हा तिनं भावाकडे पाहिलं, आणि दोघं आईला सांगायला वळली. बाईंनी दोघांच्या खांद्यांवर हात ठेवले.

"कुठे? पुरे झालं मांजरपुराण. परीक्षा!"

"आत्या, एकच मिनिट. आईला फक्त..."

"आईला विचारून परीक्षा देतात का? चला मागच्या खोलीत. दोघांची तोंडं दोन भिंतींकडे."

बाईंचा तो आवाज अख्ख्या गावाला माहीत होता. त्या आवाजापुढे फौजदारानं हातातली सिगरेट लपवली होती. मुलं गेली.

दार लोटून बाई स्वयंपाकघरात परतल्या आणि फळ्यापुढे उभ्या राहिल्या. वीस, सतरा, पंधरा, अकरा, आठ, सहा. त्यांनी जीभ टाळ्याला लावून च्यक् केलं. नऊ वर्षांच्या मुलीला उलटे आकडे धड लिहिता येत नाहीत! कधी तिनानं उतरतेय, कधी दोनानं, कधी चारानं. हीच का ती घरची शाळा? खोटं कशाला बोला, बाईंना मनातून गुदगुल्या झाल्या. पुरावा आपल्या पायांनी चालत आला होता. त्यांनी फडकं घेतलं, चुकलेले आकडे पुसले आणि मोत्यासारख्या अक्षरात दुरुस्त करून ठेवले. वीस, अठरा, सोळा, चौदा, बारा, दहा.

खडूचे हात झटकताहेत तोच भावजय दाराशी आली. चौकट धरून उभी होती. नणंद दिसताच ताठ झाली.

"आलात, ताई?" असं म्हणून तिनं फळ्याकडे पाहिलं, अगदी शेवटच्या आकड्याकडे. "दहा?"

"दहाच," बाई ठासून म्हणाल्या.

"नक्की? मला वाटलं बरंच खाली गेलं असेल."

"छे! खाली कसं जाईल? दहा म्हणजे दहा. मी स्वतः तपासलंय."

भावजयीला जरा नवल वाटलं की ताईंना कळलं, आणि तरी त्या इतक्या शांत आहेत! पण मुलांचे आकडे चुकत नाहीत यावर तिचा पुरता भरवसा होता. "मग आहे वेळ," ती म्हणाली. "मी पटकन आंघोळ करून घेते."

"घे की निवांत," बाई म्हणाल्या.

मागच्या खोलीत दुसरं गणित चालू असताना भोपळ्यानं हात वर केला. न्हाणीघराच्या भिंतीवर कुणीतरी तांब्या आपटत होतं.

"आत्या, मांजर..."

"परीक्षेत मांजर नाही!"

"पण पाचच मिनिटांनी..." खार म्हणाली.

"एक शब्द नाही!"

खारीनं ओठ घट्ट मिटले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आईला दिलेला शब्द एकीकडे, आत्याचा धाक दुसरीकडे. तांब्या पुन्हा वाजला, आणि त्यापाठोपाठ न्हाणीघरातून आईनं अशी हाक मारली की बाईंच्या हातातलं लाल पेन गळून पडलं.

मग सगळं एकदम बाहेर आलं. खार रडत रडत ओरडली की कळा आहेत, सकाळपासून आहेत, मांजर नाहीच. बाई म्हणाल्या, पण तुझी आई तर फळा बघून म्हणाली की वेळ आहे! खार फळ्याकडे धावली आणि थबकली.

"हे मी नाही लिहिलं."

"मी दुरुस्त केलं. तुझे आकडे चुकले होते, बाळा. दोन-दोननं उतरायला हवेत ना?"

"आत्या, ते गणित नव्हतं," खार म्हणाली. "ती आई होती."

भोपळ्यानं वही आणून पुढे धरली. त्यांच्या शाळेत फळा पुसायच्या आधी वहीत उतरवून घ्यायचा नियम होता, आणि तो त्यांनी पाळला होता. आठ. सहा. बाईंनी वाचलं. सव्वीस वर्षांत त्यांनी हजारो चुका दुरुस्त केल्या होत्या. स्वतःच्या हातानं चूक घडवून ती सुवाच्य अक्षरात लिहून ठेवण्याची ही पहिलीच वेळ, आणि त्या अक्षरावर विसंबून एक बाई अंघोळीला गेली होती. तिला किंवा बाळाला काही झालं तर? पुढचा विचार त्यांनी करूच दिला नाही स्वतःला. पदर खोचला आणि भावाला फोन लावला.

"गाडी घेऊन ये. आत्ताच्या आत्ता."

"ताई, अगं चाळीस केक पोचवायचेत..."

"केकसकट ये!"

दहा मिनिटांत बेकरीची गाडी दारात आली. भावजयीला मागे मैद्याच्या पोत्यांवर टेकवलं. आजूबाजूला केकचे डबे, समोर मुलं, उशाशी बाई. गाडी निघाली तशी भावजयीनं नणंदेचा हात धरला. धरला म्हणजे पिळला.

"मोजा," ती दात आवळून म्हणाली.

"वही टेबलावरच राहिली," खार म्हणाली.

बाईंनी पर्स उघडली. आत कागद म्हणून दोनच होते. त्यांनी एक प्रवेशअर्ज काढला, उलटा केला आणि भाचीच्या हातात दिला. मग मनगटावरच्या घड्याळावर नजर रोवून त्या मिनिटं सांगू लागल्या, आणि खार लिहू लागली. पाच. चार. चार.

"दोनदा चार आलं," भोपळा म्हणाला. "आत्या, दुरुस्त करायचंय का?"

पोत्यांवरून भावजय हसली, आणि हसता हसता कळवळली. बाईंनी भाच्याकडे असं पाहिलं की एरवी वर्ग चिडीचूप झाला असता. भोपळा केकच्या डब्यावर हनुवटी टेकून त्यांच्याकडे बघतच राहिला.

"नाही," बाई म्हणाल्या. "जसं आहे तसं लिहा."

तीन लिहून झालं तेव्हा गाडी दवाखान्याच्या दारात होती. नर्सबाई चाकांची खाट घेऊन धावत आल्या, खाट आत गेली, आणि बाप मैद्यानं पांढऱ्या झालेल्या पायांनी मागून पळाला. बाई मुलांना घेऊन बाकावर बसल्या. त्यांना रडू येत होतं, आणि मुलांसमोर रडायचं नाही हा त्यांचाच नियम होता.

"आत्या," भोपळा म्हणाला, "तुझ्या शाळेत चूक झाली की काय करतात गं?"

"दहा वेळा लिहायला लावतात."

भोपळ्यानं मान डोलावली. नुसता पाय हलवत बसला.

बाईंनी दुसरा अर्ज काढला. खारीकडून पेन्सिल घेतली. कागदाच्या मागच्या बाजूला, मांडीवर पर्स ठेवून, त्या लिहू लागल्या. 'खोडण्याआधी विचारावं.' भोपळ्यानं वाकून पाहिलं आणि शुद्धलेखन तपासणाऱ्यासारखा शेजारी सरकून बसला. बाई लिहीत होत्या तेवढ्यात दारापलीकडून बाळाचा आवाज आला, कोवळा आणि चांगलाच संतापलेला. बाईंचा नियम तिथेच मोडला. त्यांनी दोन्ही भाचरांना कवटाळलं आणि भर दवाखान्यात हुंदके देऊन रडल्या.

आत सोडलं तेव्हा भावजय उशीला टेकून बसली होती. बाळ कुशीत होतं. मुलगी. बापाला काही केल्या खुर्चीत बसवत नव्हतं. भावजयीनं बाळ नणंदेच्या हातात दिलं आणि मग दबक्या आवाजात विचारलं, कारण सकाळपासून तिच्या जिवाला तीच एक टोचणी होती.

"ताई, परीक्षेचं काय झालं?"

"एकजण नापास झालं," बाई म्हणाल्या.

भावजयीचा चेहरा उतरला. "कोण?"

बाईंनी कागद तिच्यापुढे धरला. तिनं ओळी वाचल्या, एकीखाली एक, सगळ्या सारख्या, ते ओळखीचं मोत्यासारखं अक्षर. मग कागद उलटून पाहिला. मुलाचं नाव, इयत्ता, सहीची रिकामी जागा. ती हसू लागली, तशी कमरेत कळ आली आणि ती कण्हली, पण हसू काही थांबेना.

"ताई, हसवू नका हो. दुखतंय."

"दुसऱ्यावर तुझ्या कळा लिहिल्यात," बाई म्हणाल्या. "आणखी अर्ज माझ्याकडे नाहीत. आणणारही नाही."

भोपळ्यानं आईच्या हातातून कागद घेतला होता. बोट ठेवून ठेवून तो एकेक ओळ मोजत होता. शेवटाला आला, पुन्हा वरून सुरू झाला आणि पुन्हा शेवटाला आला.

"आत्या," तो म्हणाला, "नऊच आहेत."

बाईंनी मोजल्या. नऊच होत्या. त्यांनी बाळाला भावाच्या हातात दिलं, पेन्सिल मागून घेतली आणि दहावी लिहायला बसल्या.