बागांच्या तारखा पाठ करणारा कॅश

मी एक जुना लुकअप कॅश आहे, मित्रांनो. नोटांची थप्पी समजून हात पुढे करू नका, माझ्याकडे दमडीही नाही. आहे ती फक्त पाठांतराची देणगी. नाशिकच्या एका द्राक्ष सल्ला केंद्राच्या संगणकात मी राहतो आणि कोणत्या बागेची छाटणी कधी झाली, हे मला तोंडपाठ असते. द्राक्षबागेतली पुढची सगळी कामे छाटणीच्या तारखेपासून मोजतात. तेव्हा माझ्या शब्दाला वजन केवढे, ते तुम्हीच ठरवा.

प्रफुल्ल नावाच्या प्रोग्रामरने मला घडवले. त्याआधी सगळी माहिती एका मोठ्या कोठारात, म्हणजे डेटाबेसमध्ये असे. रोज सकाळी शेतकऱ्यांना आणि मजुरांच्या टोळ्यांना मोबाइलवर त्या दिवशीच्या कामाचे मेसेज जात. त्यासाठी प्रोग्राम एकेका बागेची तारीख शोधायला कोठारात शिरे आणि रडतखडत परत येई. शेवटचा मेसेज पोहोचेपर्यंत शेतकरी जेवून आडवा झालेला असे! प्रफुल्लने मला कोठाराच्या दाराशी बसवले आणि प्रोग्रामला सांगितले, आता ह्यालाच विचारायचे. नवी बाग आली की मी एकदाच कोठारात डोकावायचो आणि तारीख कायमची पाठ करायचो. मग काय, पहिल्या चहाच्या आत सगळे मेसेज रवाना होऊ लागले. साहेबांनी पेढे वाटले. मला पेढा मिळाला नाही, पण कौतुक पोटभर मिळाले.

पुढे प्रफुल्ल दुसऱ्या नोकरीवर पुण्याला गेला आणि मी आहे, हेच सगळे विसरले. चालणाऱ्या वस्तूकडे कोण बघतो?

विंचूरच्या लंकाबाईंची मोठी बाग आहे. दसऱ्याला त्या वेलीची पूजा करतात, नारळ फोडतात आणि मुहूर्त म्हणून एकच काडी छाटतात. यंदा त्याच उत्साहात त्यांनी केंद्राला फोन केला, "छाटणी केली बरं का!" इथल्या योगिनीने तारीख कोठारात टाकली, मी पाठ केली. मग पाऊस रेंगाळला आणि खरी छाटणी व्हायला दिवाळी उजाडली. लंकाबाईंनी तेही कळवले. योगिनीने कोठारातली तारीख लगेच बदलली. मला मात्र कोणी अवाक्षर बोलले नाही, आणि मी काही ज्योतिषी नाही.

एके सकाळी प्रोग्रामने विचारले, लंकाबाईंची छाटणी कधी? मी ठणठणीत आवाजात सांगितले, "दसऱ्याला!" झाले, घडांच्या डिपिंगचा मेसेज गेला. डिपिंग म्हणजे मणी फुगावेत म्हणून घड औषधात बुडवायचे. हे काम फुलोऱ्यानंतर मणी धरल्यावर करतात. आधी केले तर घडाची वाट लागते. मेसेज पाहून मुकादम यादव पेठ तालुक्यातून जीपभर टोळी घेऊन विंचूरला हजर झाला.

थोड्याच वेळात लंकाबाईंचा फोन आला. योगिनीने तो स्पीकरवर टाकला.

"अगं पोरी, फुलाचा पत्ता नाय आन् डिपिंग कशाची करू? देठाची?"

"मावशी, इथे तर दिवाळीचीच तारीख दिसतेय."

"मंग मेसेज काय आभाळातून पडला?"

मागून यादव बोलला, "बाई, फोनात नाव येईल तिकडं आमी जातो. आज तुमचं आलं. पुन्यांदा नाय आलं तर आमी दुसऱ्या बागेत."

मेख इथेच होती. डिपिंगच्या दिवसांत टोळ्यांना उसंत नसते. खऱ्या वेळी यादवच्या फोनवर लंकाबाईंचे नाव गेले नाही, तर घड बुडवायला माणूस मिळणार नव्हता आणि त्यांची वर्षाची मेहनत बारीक मण्यांवर संपणार होती. त्यांनी टोळीला पिठलं-भाकरी खाऊ घालून परत पाठवले.

योगिनीने दिवाळीची तारीख पुन्हा टाकली. दुसऱ्या दिवशी माझ्या कृपेने लंकाबाईंना मेसेज गेला, "डिपिंग पूर्ण झाल्याबद्दल अभिनंदन!" तेव्हा मात्र बाई एसटीने थेट केंद्रात आल्या आणि करंगळीएवढा पोपटी घड टेबलावर ठेवून खुर्चीत बसल्या.

"ह्यो घड दाखव तुझ्या मशीनला. तारीख सुधारल्याबिगर मी उठत नाय."

रडवेल्या योगिनीने प्रफुल्लला फोन लावला. तो म्हणाला, "कॅश रिफ्रेश केलास का?"

"कॅश? असं काही आहे आपल्याकडे?"

मित्रांनो, ऐकलेत ना? रोज सकाळी सर्वांआधी राबणाऱ्याची ही ओळख! पण रुसायलाही वेळ मिळाला नाही. प्रफुल्लने सांगितले तशी योगिनीने कळ दाबली आणि मी कोरा झालो. बागा गेल्या, तारखा गेल्या, दसराही गेला. प्रोग्रामने पुन्हा विचारले. मी धडपडत कोठारात गेलो, पाहिले आणि तितक्याच ठणठणीत आवाजात सांगितले, "दिवाळीला!" जसे काही मला आधीपासूनच ठाऊक होते.

आता कोठारात एखादी तारीख बदलली की माझ्याकडची जुनी त्याच क्षणी पुसली जाते. ही सोय योगिनीने प्रफुल्लला विचारून केली.

खरी वेळ आली आणि यादवच्या फोनवर लंकाबाईंचे नाव गेले. योगिनीने धास्तावून फोन लावला, "मावशी, टोळी आली का?"

"आलीय. बांधावर बसवलीय. मी आधी मणी बघून येते."

मला रागच आला. आता तरी माझ्यावर विश्वास ठेवायचा! फोन चालूच होता. पाचोळ्यावर पावले वाजली. ती दूर गेली. योगिनीचा चहा निवला. मी मनातल्या मनात तारीख पुन्हा घोकली. दिवाळी तरी खरी असेल ना?

"यादवऽ, या रं बागात!" लंकाबाई ओरडल्या. "मणी धरल्यात!"

मला इतका आनंद झाला, की पेढ्याचेही दुःख उरले नाही.

मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखे पाठांतरवाले असतील. त्यांना टाकून देऊ नका, पण अधूनमधून कोठारात नेऊन ताजे करत जा. आणि मी कितीही ठणकावून सांगितले, तरी घड बुडवण्याआधी एकदा वेलीखाली उभे राहून वर बघा.