निळ्या बटणाची हजेरी

सिस्टरांच्या कमरेला औषधांच्या कपाटाची किल्ली गेली बावीस वर्षं लटकत होती. एकदा किल्ली घरी विसरून आल्या, तर दिवसभर पदर सावरावा तसा हात सारखा कमरेकडे जात राहिला. वृद्धनिवासातल्या चौतीस माणसांच्या गोळ्या त्यांच्या हातून जात. कोणाची कुटून द्यायची, कोणाची जेवणाआधी, कोणाला दिली की तोंड उघडून बघायचं, हे सगळं त्यांना पाठ.

आणि आता ती किल्ली जायची वेळ आली होती. नर्सची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, आणि त्यासाठी तीस तासांचं शिक्षण पुरं करून परीक्षा द्यावी लागते. महिनाअखेरीपर्यंत ते झालं नाही, तर एक तारखेपासून सिस्टरांना गोळीला हात लावता येणार नव्हता. किल्ली धाकट्या सिस्टरकडे. धाकटी गुणी होती, पण तिला अजून निवासातल्या शिंपीमामांची डावी-उजवी बाजू कळत नव्हती, आणि शिंपीमामांना उजव्या कानानेच ऐकू येतं.

अठरा तास झाले होते. उरलेले बारा ‘वृद्धांची औषधे’ या विषयाचे, लॅपटॉपवर बघायचे. त्यात बोलणारे गृहस्थ विद्वान होते यात शंका नाही, पण आवाज असा, की पहिल्या पाच मिनिटांत डोळे मिटायचे. सिस्टरांना रोज सकाळी गाऊन सांगितलेली प्रवचनं ऐकायची सवय. त्यात एक ओळ सांगायची, ती सुरात घोळवायची, मग तिच्यावर गोष्ट. अशी सांगितलेली गोष्ट मेल्यावरसुद्धा विसरायची नाही. हे गृहस्थ मात्र यादी वाचल्यासारखे बोलत.

त्यात भर म्हणून दर दहा मिनिटांनी पडद्यावर एक निळं बटण उगवे. त्यावर लिहिलेलं, ‘मी इथेच आहे.’ मिनिटाभरात ते दाबलं नाही, तर तो तास पहिल्यापासून सुरू. आता वृद्धनिवासात सलग दहा मिनिटं कोणाला मिळतात? पहिल्या धड्याला सिस्टर बसल्या आणि तीन नंबरच्या खोलीतल्या आजोबांची घंटी वाजली. चष्मा सापडत नव्हता. चष्मा डोळ्यांवरच होता. परत येईपर्यंत बटण येऊन गेलेलं. दुसऱ्यांदा अकरा नंबर. तिसऱ्यांदा पुन्हा तीन नंबर, आता चष्मा काढून ठेवला तो सापडत नव्हता. एकाच धड्याची सुरुवात सिस्टरांनी चार वेळा ऐकली. शेवट काय ते देवाला ठाऊक.

पाचव्या वेळी त्यांनी लॅपटॉप उचलला आणि बैठकीच्या खोलीत खिडकीपाशी बसलेल्या हेडबाईंच्या पुढ्यात ठेवला. हेडबाई सात नंबरमध्ये राहत. चाळीस वर्षं शाळा चालवलेल्या, दुपारी झोपणं हा गुन्हा मानणाऱ्या.

“बाई, एवढं काम करा. निळं बटण दिसलं की त्यावर बोट ठेवायचं. बाकी काही बघायची गरज नाही.”

“समोर धडा चालू असताना न बघता कसं बसायचं?” हेडबाई म्हणाल्या आणि त्यांनी वही मागवली.

दहा दिवसांत बारा तास पुरे झाले. सिस्टरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. खिडकीपाशी दुपारी दोन ते चार वर्ग भरू लागल्याचं त्यांनी जाता-येता पाहिलं होतं. शिंपीमामा पाय स्टुलावर ठेवून बसत, आणखी चार-पाच जणी येत, हेडबाई मधेच धडा थांबवून कोणाला तरी प्रश्न विचारत. सिस्टरांना वाटलं, बरं आहे, म्हाताऱ्यांचा वेळ जातोय.

मंगळवारी भावजी आले. सिस्टरांचे धाकटे दीर, औषधांचं दुकान चालवत आणि दर आठवड्याला निवासाच्या गोळ्या घेऊन येत. त्यांचीही नोंदणी याच महिन्यात संपत होती, आणि हेच धडे त्यांनाही होते.

“काय वहिनी, झाले का तास? की किल्ली द्यायची तयारी?”

“झाले. तुमचे?”

“माझे कधीच. आपण काय आजचे विद्यार्थी आहोत?”

तेवढ्यात हेडबाईंनी वही उघडली. “औषधवाले, इकडे या. शिंपीमामांचे पाय बघा.”

भावजींनी पाय पाहिले. सुजून पावासारखे फुगलेले. “सूज आहे. त्यासाठीच तर लघवीची गोळी देतोय.”

“सूज कशाने आली?”

“वय झालं, बाई.”

“माझंही झालं. माझे पाय बघा.” हेडबाईंनी पाय पुढे केले. काटक्या. “मामांची रक्तदाबाची गोळी दीड वर्षापूर्वी बदलली. सूज त्यानंतर आली. त्या गोळीने पाय सुजू शकतात, सातव्या धड्यात आहे. सुजेसाठी लघवीची गोळी दिली. मग रात्री पाच वेळा उठावं लागतं म्हणून लघवी रोखायची गोळी दिली. म्हणजे एक दार उघडायला आणि दुसरी लावायला. त्या तिसरीने तोंड कोरडं पडतं आणि पोट साफ होत नाही, म्हणून चौथी. चुकतंय का काही?”

शिंपीमामांनी उजवा कान पुढे केला. “काय म्हणतात?”

“तुम्ही एका गोळीला घरात घेतलंत आणि ती माहेरची तीन माणसं घेऊन आली,” बाजूची एक आजी मोठ्याने म्हणाली.

भावजींनी यादी काढली, तारखा जुळवल्या, पुन्हा जुळवल्या. मान वर केली तेव्हा कान लाल झाले होते. “बाई बरोबर म्हणतात. डॉक्टरांना आजच लिहितो.” मग सिस्टरांकडे वळून म्हणाले, “पण वहिनी, गोळ्या रोज तुमच्या हातून जातात. सातवा धडा तुम्ही केलात ना? मग दिसलं कसं नाही?”

सिस्टरांच्या डोळ्यांसमोर दीड वर्षातल्या सकाळी उभ्या राहिल्या. रोज चार गोळ्या, रोज मामांच्या तळहातावर, रोज ‘घ्या मामा, पाणी प्या.’ बावीस वर्षांत एक गोळी चुकली नव्हती त्यांच्या हातून. आणि ही चुकीची गोळीही एक दिवस चुकली नव्हती.

“मी केला नाही,” त्या म्हणाल्या. “बाईंनी केला. माझ्या नावावर.”

भावजी हसले. “वा वहिनी, गुपचूप…” पण हेडबाईंचा चेहरा पाहून पुढचे शब्द गिळले.

“थांबा,” हेडबाई म्हणाल्या. “मला वाटलं, बटण दाबलं की धडा पुढे जातो आणि तुम्ही संध्याकाळी निवांत बघता. म्हणजे मी तुमची हजेरी लावत होते?”

“हो बाई.”

“चाळीस वर्षं. दुसऱ्याच्या नावाला ‘हजर’ म्हणणाऱ्या किती पोरांना मी वर्गाबाहेर उभं केलंय, माहीत आहे? आणि म्हातारपणी तुम्ही मला तेच करायला लावलंत.”

सिस्टरांना सकाळची प्रवचनं आठवली. स्वतः घरी राहून सुनेला प्रवचनाला धाडणाऱ्या आणि पुण्य मात्र आपल्याला मिळेल म्हणणाऱ्या बायकांना त्या कितीदा हसल्या होत्या. आता हसायची पाळी देवाची होती, आणि तो हसत असावा असं त्यांना वाटलं.

त्यांनी तिथूनच शिक्षण विभागाच्या कार्यालयात फोन लावला. पलीकडच्या बाईला आधी समजेचना. “अहो, पण तास पुरे दिसतायत. बटण कोणी दाबलं ते आम्हाला कळत नाही.”

“मला कळतं ना,” सिस्टर म्हणाल्या.

पलीकडे कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग ती म्हणाली, “असा फोन मला नोकरीत पहिल्यांदा आला. बारा तास रद्द करते. सात दिवस आहेत. जमेल?”

“जमवते.”

फोन ठेवला तेव्हा हेडबाई भावजींकडे बघत होत्या. “आणि तुम्ही? सातवा धडा झाला होता, तर मामांच्या गोळ्या दर आठवड्याला कशा भरत होतात?”

भावजींनी इकडे तिकडे पाहिलं. “मी बसलो होतो स्वतः. फक्त… दुप्पट वेगाने लावला होता. आणि बाजूला सामना चालू होता.”

“उद्या दोन वाजता,” हेडबाई म्हणाल्या. “दोघंही.”

सहा दिवस दोन ते चार दीर-भावजय बैठकीच्या खोलीत पुढच्या खुर्च्यांवर बसले. दुकान भावजींच्या बायकोने सांभाळलं. घंट्यांची जबाबदारी धाकट्या सिस्टरने घेतली. शिंपीमामांनी सगळ्यांना बजावलं, की पडल्याशिवाय कोणी घंटी वाजवायची नाही, आणि पडायचं असेल तर चारनंतर पडा. तरी तीन नंबरची वाजायचीच. धाकटी धावत जाई आणि आधी त्यांचं नाक बघे. तेवढं ती शिकली होती.

सिस्टरांचा डोळा लागला की हेडबाईंची पेन्सिल मनगटावर. निळं बटण आलं की सगळा वर्ग सिस्टरांकडे बघे, कोणी बोट पुढे करत नसे. आणि धडा लक्षात राहत नाही अशी तक्रार सिस्टरांनी केली, तेव्हा हेडबाई म्हणाल्या, “मग तुमच्या प्रवचनातल्यासारखं म्हणा.” सिस्टरांनी सातवा धडा सुरात बांधला. ‘नवं दुखणं दिसता पाही, नवी गोळी आधी नाही, जुनीकडे वळुनी पाही.’ म्हाताऱ्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. भावजी पहिले दोन दिवस लाजले. तिसऱ्या दिवशी ठेका चुकला म्हणून शेजारच्या आजीशी भांडले.

डॉक्टरांचं उत्तर आलं. त्यांनी रक्तदाबाची गोळी बदलली, बाकीच्या तिघींना एकेक करून निरोप द्यायचं ठरवलं. परीक्षेच्या सकाळी शिंपीमामा स्वतःचे बूट घालून आले. नाडी बांधता आली नव्हती, पण पाय आत गेले होते.

सिस्टरांना वीसपैकी सतरा मिळाले, भावजींना सोळा. भावजींनी दोघांच्या वतीने हेडबाईंना निकाल सांगितला.

“सतरा?” हेडबाई म्हणाल्या. “तीन कुठे सांडले?”

एक तारखेला सकाळी सिस्टर औषधांची गाडी ढकलत निघाल्या. किल्ली कमरेला होती. सात नंबरच्या दारात हेडबाई वही उघडून तयार बसलेल्या.

“सिस्टर?”

“हजर, बाई.”

हेडबाईंनी वहीत खूण केली आणि तळहात पुढे केला. सिस्टरांनी त्यावर दोन गोळ्या ठेवल्या. हेडबाईंनी त्या तोंडात टाकल्या नाहीत. पांढरी गोळी बोटाने पुढे सरकवली.

“ही कशासाठी? आणि कधीपासून?”

सिस्टरांनी सांगितलं. मग बाईंनी पिवळीचं विचारलं, तेही सांगितलं. पूर्वी तासाभरात संपणारी फेरी त्या दिवशी पावणेदोन तास चालली, कारण अशी वही आता चौतीसही जणांकडे होती. तीन नंबरच्या वहीत काही लिहिलेलं नव्हतं. त्यांना चष्मा सापडत नव्हता.