अकरावी इमारत

ग्रंथपालबाई फावल्या वेळात ऑनलाइन ज्ञानकोशातला एक लेख सुधारत होत्या. शहरातल्या सर्वांत उंच इमारतींच्या त्या यादीत दहाच नावं होती, आणि त्यांच्या वडिलांनी क्रेन चालवून उभी केलेली इमारत नेमकी अकरावी येत होती. बाईंनी गच्चीवरचा अँटेनाचा खांब उंचीत धरला आणि तिला बिनदिक्कत दहावी करून टाकलं.

मग कौतुकाने त्यांनी ते वडिलांना दाखवलं. म्हातारा चष्मा पुसून दोनदा वाचत राहिला.

"अगं, हा खांब आमचं काम संपल्यावर बसवलाय. आमची उंची एवढी नव्हती."

"बाबा, तुमचं काम यादीत यावं म्हणून केलं."

"आणि जिला खाली ढकललंस, ती काय आपोआप उगवली? तिच्या क्रेनवर तुझा काका होता."

बाईंचं तोंड एवढंसं झालं. हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. त्यांनी जुना आकडा परत टाकला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'उंची मी जाणूनबुजून फुगवली होती.'

"आता काकालाही सांग," वडील म्हणाले.

बाईंनी फोन हातात घेतला, पण नंबर लावायला त्यांचं बोट धजेना.