न उतरणारी पेटी

बाबांच्या दहाव्याला पाताळगंगेच्या काठी कावळा पिंडाला शिवेना. माझा भाऊ मनोज हात जोडून एकेक कबूल करत होता. गॅरेज चालू ठेवीन, दारूला शिवणार नाय, छायाताईला अंतर देणार नाय. ही छायाताई म्हणजे मी, स्वतःचं कमावून खाणारी. पण मला कोण विचारतो? कावळे झाडावरून नुसते बघत होते.

शेवटी मनोज रडायलाच लागला. "बाबा, जीव गेला तरी ती पेटी रिकामी ठेवणार नाय!"

कावळा खाली आला.

पेटी म्हणजे आमच्या चौक गावातल्या गॅरेजातला जंप स्टार्टर. गाडीची बॅटरी उतरली की चिमटे लावायचे, सेल्फ मारायचा, गाडी चालू. पोशीर गावी गेलो असताना बाबांच्या छातीत कळ आली तेव्हा गाडीची बॅटरी उतरली होती, आणि डिकीतली पेटी मनोजने दिवसभर गिऱ्हाइकांच्या गाड्यांना लावून तशीच परत ठेवली होती. गाडी नुसती टिकटिकली. दुसरी गाडी येईपर्यंत बाबा गेले.

दहाव्यानंतर मनोज पेटी उशाशी घेऊन झोपू लागला. रोज चार्जिंग. पेटीही अशी की वर्षभर उभा राहिलेला टेंपो पहिल्या सेल्फला उठायचा. लोकांना कौतुक. मी मात्र गाड्यांच्या पार्टच्या दुकानात काउंटरवर असल्याच पेट्या विकते, त्यांचा भरवसा किती ते मला विचारा. दोन-तीन पावसाळे झाले की आतले सेल फुगतात आणि चार्जिंगचे चारही दिवे दाखवून ऐन वेळी तोंडघशी पाडतात. ही थकेचना. थकत होता तो मनोज. गाल बसले, हात गार पडले. डॉक्टरांच्या तपासण्यांत काही निघेना.

मग वादळात खांब पडले आणि अख्ख्या गावाची वीज गेली. पेटी त्या दिवशी गाड्यांना लावून लावून शेवटच्या दिव्यावर आली होती. सकाळी मी चहा घेऊन गेले तर चारही दिवे हिरवेगार. चार्जिंगची वायर खुंटीला गुंडाळलेली. मनोजच्या एका मुठीत लाल चिमटा, दुसरीत काळा.

"मनोज, ऊठ रं!"

त्याने कसेबसे डोळे उघडले. "सोडवत नाय गं ताई. बाबांना कबूल केलंय."

पेटी फोडायला मी हातोडा उचलला, तसा त्याचा श्वासच अडकला. हातोडा खाली ठेवला. बाबांचा असा संताप आला म्हणून सांगू! जिवंतपणी पोराला कामाला जुंपलंत, आता मेल्यावरही सोडवत नाही?

भात शिजवला, पिंड केला आणि एकटीच नदीवर गेले. बाईने पिंड ठेवावा का, हे विचारायला थांबले नाही.

"मनोजला सोडा," मी म्हटलं. कावळे हलले नाहीत. "पेटी नदीत टाकते." तरी नाही. "बाबा, चूक झाली त्याच्याकडून. पदरात घ्या की."

एक कावळा मान वाकडी करून माझ्याकडे बघत राहिला. बाबा असेच बघायचे, मनासारखं होईपर्यंत. मला काय ते कळलं. घाबरले, खोटं कशाला सांगू. पण घरात पडलेला माझा भाऊ होता.

"बरं. आजपासून पेटी मी भरीन."

कावळा पिंडाला शिवला.

घरी आले तर मनोज ओट्यावर भाकरी खात बसला होता. हात धरून बघितला, कोमट होता. "ताई, काय भूक लागलीय गं!" म्हणून हसला. कितीतरी दिवसांनी हसला.

तेवढ्यात दारात एक टेंपो बंद पडला. मनोज पेटी आणायला उठला. मी त्याला खांद्याला धरून खाली बसवलं, स्वतः पेटी नेली, चिमटे लावले आणि ड्रायव्हरला सेल्फ मारायला सांगितलं.

टेंपो पहिल्याच फटक्याला उठला, आणि माझी बोटं गार पडली. मनोजला दिसू नयेत म्हणून मी हात ओढणीत गुंडाळून घेतले.